टीव्हीवर बघून राष्ट्राध्यक्षांचं डोकं तपासता येतं का?

माझी भाची न्यू जर्सीत, एडिसनला राहते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि हल्ली त्याची गाडी हमखास एकाच प्रश्नावर येऊन थांबते. २०२४च्या उन्हाळ्यात तो जावईबापूंचा प्रश्न होता: "मामा, बायडन यांची डिबेट बघितलीत ना? हा माणूस फिट आहे का?" आता तो भाचीचा आहे, फक्त नाव बदललंय: "मामा, तू तीस वर्षं सायकिअ‍ॅट्रिस्ट आहेस. ट्रम्पचं डोकं ठिकाणावर आहे का, ते एकदा सांगून टाक." इकडे लग्नाच्या पंगतीतही मला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

सरळ उत्तर असं, की मला माहीत नाही. आणि दोन मिनिटांची क्लिप बघून जो डॉक्टर 'हा डिमेन्शियाच' (म्हणजे स्मरण आणि बुद्धी ढासळणं) किंवा 'हा नार्सिसिस्टच' (म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला) असं छातीठोकपणे सांगतो, त्यालाही माहीत नसतं. पण एवढ्यावर थांबलो तर मामाने अंग काढून घेतलं असं होईल. म्हणून मी हा प्रश्न ओपीडीत कसा हाताळला असता ते सांगतो.

नातेवाईक म्हाताऱ्या बाबांना घेऊन येतात तेव्हा पहिली पाच मिनिटं नुसत्या तक्रारी असतात. कुणाचं ऐकत नाहीत, येईल त्याला शिव्या घालतात, स्वतःलाच शहाणे समजतात, एकच गोष्ट दहा वेळा सांगतात. मी सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "कधीपासून?" यावर कधी आई पदर सावरत म्हणते, "अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून हे असेच आहेत." म्हणजे स्वभाव. त्रास खरा, पण त्याला गोळी नाही. कधी मुलगा म्हणतो, "नाही हो, बाबा असे नव्हतेच. गणपतीनंतर काहीतरी बदललंय." तिथे माझे कान टवकारतात. जन्मभर पैन्‌पैचा हिशेब ठेवलेला माणूस फोनवरच्या अनोळखी बाईला ओटीपी सांगून मोकळा होतो, तेव्हा वय कितीही असो, तपासण्या कराव्याच लागतात.

ट्रम्प यांच्याबद्दलच्या शंकांमध्ये ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळलेली असतात. बढाया, टोपणनावं ठेवणं, टीका झाली की उसळून उठणं, एका वाक्यातून तिसऱ्याच वाक्यात उडी मारणं, यातलं बरंचसं अमेरिका १९८०च्या दशकापासून बघत आलेली आहे. २०१६ला लोकांनी ते बघून मत दिलं, २०२४ला पुन्हा दिलं. 'लग्न झालं तेव्हापासून असेच' या सदरातली ही गोष्ट. ती आवडत नसेल तर त्याविरुद्ध मत द्यावं, मोर्चा काढावा, कोर्टात जावं. त्यासाठी माझ्या सर्टिफिकेटची गरज नाही. 'दहा वर्षांपूर्वीच्या मानाने बोलणं वेगळं झालंय का, शब्द हरवतात का, निर्णय घेताना पूर्वीसारखं तोलतात का' हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो वैद्यकीय आहे आणि विचारण्यात गैर काहीच नाही. जानेवारी २०२५मध्ये शपथ घेताना ते ७८ वर्षांचे होते. शपथेच्या दिवशी सर्वांत वयस्क असण्याचा बायडन यांचा विक्रम त्यांनी काही महिन्यांच्या फरकाने मोडला. त्या वयाच्या कुठल्याही माणसाबद्दल मी हे विचारेन, बायडन यांच्याबद्दलही विचारलं असतं. पण त्याचं उत्तर द्यायला चोवीस तास जवळ असणारा माणूस लागतो, आणि राष्ट्राध्यक्षाच्या जवळच्या माणसाला खरं सांगण्यात सगळ्यात कमी फायदा असतो. तिकडे येतोच.

आधी आमच्या जमातीची एक लाजिरवाणी गोष्ट. १९६४ला रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते बॅरी गोल्डवॉटर. कडवे उजवे, अण्वस्त्रांबद्दल सैल बोलणारे, निम्म्या देशाला धडकी भरवणारे. 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने अमेरिकेतल्या १२,३५६ सायकिअ‍ॅट्रिस्टना पत्र पाठवून विचारलं, की हे गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? २,४१७ जणांची उत्तरं आली. त्यातले ६५७ 'योग्य' म्हणाले. ५७१ जणांनी सांगितलं, की मत देण्याइतकी माहितीच आमच्याकडे नाही (मला या ५७१ जणांना भेटायला आवडलं असतं). आणि १,१८९ जणांनी 'अयोग्य' म्हणून कळवलं. मुखपृष्ठावर काय छापलं असेल? १,१८९ सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणतात गोल्डवॉटर अयोग्य! म्हणजे विचारलेल्यांपैकी दहा टक्केही नाहीत, उत्तर दिलेल्यांपैकी निम्मेही नाहीत, आणि समोर बसवून तपासलेला एकही नाही. कुणी पॅरानॉइड ठरवलं, कुणी हिटलरशी तुलना केली. चहाच्या टपरीवर जे बोलावं ते डिग्रीखाली सही करून दिलं.

गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण प्रकाशकाला कोर्टात खेचून जिंकले. ज्युरीने १९६८मध्ये नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर दिला आणि दंड म्हणून ७५,००० डॉलर. पुढे १९७३मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने नियम केला, की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगी असल्याशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल सदस्याने व्यावसायिक मत द्यायचं नाही. त्याला आजही 'गोल्डवॉटर रूल' म्हणतात. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आल्यावर, मार्च २०१७मध्ये, संघटनेने तो पुन्हा घट्ट करून सांगितला.

या गोष्टीचं शेपूट मला जास्त आवडतं. ऑगस्ट १९७४मध्ये वॉटरगेट प्रकरणात अडकलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन राजीनाम्याला तयार होत नव्हते. ७ तारखेला त्यांच्याच पक्षाचे तीन नेते व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि सिनेटमध्ये आता तुमच्या बाजूला फारसं कुणी उरलेलं नाही, असं तोंडावर सांगून आले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. त्या तिघांत एक होते बॅरी गोल्डवॉटर. ज्यांना १,१८९ तज्ज्ञांनी अयोग्य ठरवलं होतं, तेच!

नियमाविरुद्धची बाजूही आहे, ती लपवत नाही. २०१७मध्ये येलच्या एका सायकिअ‍ॅट्रिस्टच्या पुढाकाराने २७ तज्ज्ञांनी मिळून ट्रम्प यांच्यावर पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही आजाराचं नाव देत नाही, धोका सांगतो, आणि धोका दिसत असताना गप्प बसणं डॉक्टरला शोभत नाही. मुद्दा पोकळ नाही. पण मला ॲलन फ्रान्सिस यांचं जास्त पटतं. आमच्या निदानाच्या पोथीची, म्हणजे डीएसएमची, चौथी आवृत्ती ज्या समितीने केली तिचे ते प्रमुख. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्वविकाराचे निकष त्यांच्याच हातचे. ट्रम्प यांचे कडवे टीकाकार असूनही त्यांनी फेब्रुवारी २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून सांगितलं, की हा माणूस निकषांत बसत नाही. विकार म्हणायला त्या माणसाला स्वतःला त्रास व्हावा लागतो किंवा त्याचं काम अडावं लागतं. इथे त्रास दुसऱ्यांना आहे. आणि वाईट वागणुकीला आजाराचं नाव देणं हा खऱ्या आजाऱ्यांचा अपमान आहे.

हा अपमान कसा लागतो ते मी समोर बसून पाहिलंय. माझा एक पेशंट अकरा वर्षं लिथियमवर (मन कधी उधाणतं, कधी बुडतं त्या बायपोलर आजारावरचं औषध) आहे, शाळेत गणित शिकवतो, दर तीन महिन्यांनी न चुकता रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतो. एकदा मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, यात लिहिलंय ते अध्यक्ष 'मॅनिक' आहेत म्हणून देश चालवायला नालायक आहेत. मग मी वर्ग चालवू का?" अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. १९७२मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगल्टन यांनी पूर्वी डिप्रेशनसाठी शॉक ट्रीटमेंट घेतल्याचं बाहेर आलं आणि उमेदवारी मिळाल्यापासून अठरा दिवसांतच त्यांना ती सोडावी लागली. पुढे १९८७पर्यंत ते सिनेटर म्हणून व्यवस्थित काम करत होते.

आता 'फिट' या शब्दाकडे येऊ. 'फिट' म्हणजे नेमकं कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही. आमच्याकडे मृत्युपत्राला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडतात, त्यामुळे हे काम माझ्याकडे नेहमी येतं. एकदा थोरल्या मुलाने ८१ वर्षांच्या आजोबांना आणलं. मला बाजूला घेऊन सुचवलं, "डॉक्टर, बाबांना आता काही कळत नाही, तेवढं लिहून द्या." मुलगा बाहेर गेल्यावर मी आजोबांना विचारत बसलो. तारीख चुकली. महिना चुकला. सकाळी काय खाल्लं आठवेना. मग विचारलं, मालमत्ता काय काय आहे? फ्लॅट, गावची जमीन, पोस्टातल्या ठेवी, सगळं बरोबर. वारस कोण? तीन मुलगे, एक मुलगी, नावानिशी. फ्लॅट कुणाला? "मुलीला." का? "बायको गेल्यापासून सहा वर्षं तीच करतेय माझं. तिघं जण दिवाळीला येतात." मी आजोबा मृत्युपत्र करायला सक्षम आहेत असं लिहून दिलं. थोरल्याने पुन्हा माझं तोंड बघितलं नाही. त्याच आजोबांना मी गाडी चालवायला मात्र परवानगी दिली नसती.

आपला २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही हेच म्हणतो. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी 'विकल मनाचा' ठरत नाही, ते कोर्टाने ठरवायचं असतं. मग राष्ट्राध्यक्षाचं काम काय? शंभर पानांचं समजून घ्यायचं, नावडतं ऐकून घ्यायचं, चार पर्यायांतला एक तोलून निवडायचा, आणि पहाटे तीनला उठवलं तरी हे जमायला हवं. याची चाचणी कुठल्याच कागदावर नाही.

ती मोका टेस्ट, म्हणजे स्मरण आणि विचारशक्तीची छोटी चाचणी, आहे ना, ट्रम्प यांना २०१८मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये ३० पैकी ३० मिळाले ती? मी ती आठवड्यातून दहा वेळा करतो. दहा मिनिटांचं काम. घनाकृती काढा, सिंह-गेंडा-उंट ओळखा, १००मधून सात-सात वजा करत जा, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगा. त्यात घड्याळ काढायचं असतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. हे घड्याळ फार बोलकं असतं. डिमेन्शिया सुरू झालेला माणूस 'दहा' ऐकतो आणि मिनिटकाटा दोनवर न नेता सरळ दहाच्या आकड्यावर नेऊन ठेवतो. शेजारी अकरावर तासकाटा. आणि ते घड्याळ मला अभिमानाने दाखवतो. साधारण २६ किंवा जास्त मार्क असले की ठीक समजतात. पण ही चाळणी आहे, तीही मोठ्या भोकांची. माझ्याकडे एक निवृत्त बँक मॅनेजर होते, ३० पैकी २८ मार्क, घड्याळ अगदी सुबक. आणि त्याच महिन्यात त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला स्कूटर घेऊन दिली, सुनेसमोर कपडे बदलले आणि त्यात वावगं काय हे त्यांना कळत नव्हतं. मेंदूचा पुढचा भाग झिजत होता, स्मरण शाबूत होतं. म्हणून ३० मार्क म्हणजे बुद्धिमत्तेचा दाखला नव्हे, आणि कुणी टेस्ट दिली नाही म्हणजे गडबड आहे असंही नव्हे.

टीव्हीवरच्या डॉक्टरपेक्षा मला जास्त भीती घरातल्या डॉक्टरची वाटते. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ला पक्षाघाताचा मोठा झटका आला, डावी बाजू गेली. पत्नी ईडिथ आणि नौदलाचे डॉक्टर ग्रेसन यांनी देशाला 'थकवा आहे' एवढंच कळू दिलं. कुठले कागद विल्सन यांच्यापर्यंत जायचे ते ईडिथ ठरवत. परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी आपल्या अधिकारात मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, तर त्यांचाच राजीनामा घेतला गेला. डिसेंबरमध्ये खात्री करून घ्यायला दोन सिनेटर आले तेव्हा अंधारलेल्या खोलीत, लुळा हात पांघरुणाखाली झाकून भेट पार पाडली. सिनेटर फॉल म्हणाले, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. विल्सन यांनी विचारलं, "कोणत्या बाजूने?" विनोद शाबूत होता, त्यामुळे सगळे निर्धास्त झाले. वरून हुशार दिसणारे असे पेशंट मला रोज भेटतात. विल्सन मार्च १९२१पर्यंत पदावर होते, आणि दरम्यान पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह सिनेटमध्ये दोनदा पडला.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं तसंच. मार्च १९४४मध्ये तरुण हृदयतज्ज्ञ ब्रून यांना हार्ट फेल्युअर आणि भरमसाट ब्लडप्रेशर सापडलं. व्हाइट हाऊसचे डॉक्टर लोकांना प्रकृती उत्तम असल्याचं सांगत राहिले, निवडणूक झाली, आणि १२ एप्रिल १९४५ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. ट्रम्प यांची प्रकृती थक्क करणारी असल्याचं पत्र २०१५मध्ये त्यांच्या खाजगी डॉक्टरांनी दिलं. २०१८मध्ये तेच डॉक्टर म्हणाले, की मजकूर ट्रम्प यांनीच सांगितला होता. २०१८ला ३० मार्क जाहीर करणारे नौदलाचे डॉक्टर रॉनी जॅक्सन २०२०ला ट्रम्प यांच्याच पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. बायडन यांच्या डॉक्टरांनी फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांना कामासाठी तंदुरुस्त ठरवलं, तेही स्मरणाची चाचणी न घेता. जूनमधली डिबेट सगळ्यांनी पाहिली. जुलै २०२५मध्ये संसदीय समितीने बोलावलं तेव्हा या डॉक्टरांनी पेशंटची गोपनीयता आणि घटनेतलं मौनाचं संरक्षण सांगून उत्तरं नाकारली. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं? पेशंटचं गुपित सांभाळणं माझं काम आहे. पण ज्या पेशंटच्या खिशात अण्वस्त्रांची किल्ली आहे त्याचा डॉक्टर आणि देशाला उत्तर देणारा डॉक्टर एकच असू नये, असं मला वाटतं.

जावईबापूंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग ती पंचविसावी घटनादुरुस्ती का नाही वापरत?" ती १९६७ला लागू झाली, केनेडींच्या हत्येनंतर. तिचं तिसरं कलम सोपं आहे, अध्यक्ष स्वतःच लिहून काही वेळ सूत्रं सोपवतो. नोव्हेंबर २०२१मध्ये बायडन यांच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी कमला हॅरिस ८५ मिनिटं काळजीवाहू अध्यक्ष होत्या. भांडणाचं आहे ते चौथं कलम. उपराष्ट्राध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त मंत्री यांनी लिहून द्यायचं, की अध्यक्ष काम करू शकत नाहीत. अध्यक्ष म्हणाले 'मी ठणठणीत आहे', तर यांना चार दिवसांत पुन्हा लिहावं लागतं, आणि मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. महाभियोगाला तरी खालच्या सभागृहात साधं बहुमत पुरतं! म्हणजे शुद्धीवर असलेल्या, भांडायला तयार असलेल्या अध्यक्षाला या वाटेने काढणं महाभियोगाहून अवघड. १२ जानेवारी २०२१ला प्रतिनिधिगृहाने २२३ विरुद्ध २०५ मतांनी माइक पेन्स यांना ते वापरायला सांगितलं, पेन्स यांनी नकार दिला. आजवर हे कलम एकदाही वापरलेलं नाही. आणि त्यात 'डॉक्टर' हा शब्द कुठेही येत नाही.

मला ते बरंच वाटतं, कारण डॉक्टरच्या सहीने सत्ता बदलली की काय होतं हे ट्युनिशियात दिसलं. ७ नोव्हेंबर १९८७ला पंतप्रधान बेन अली यांनी ८४ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष बुर्गिबा यांना हटवलं, हातात सात डॉक्टरांच्या सह्यांचा कागद घेऊन. बुर्गिबा थकले होते हे खरंच. पण पुढची तेवीस वर्षं बेन अली हटले नाहीत, आणि स्वतः बुर्गिबा २०००पर्यंत जगले. इक्वेडोरने तर सहीचीही तसदी घेतली नाही. तिथले अध्यक्ष बुकाराम स्वतःला 'एल लोको', म्हणजे वेडा, म्हणवून घेत, गाण्यांची सीडी काढत. महाभियोगाला लागणारी दोन तृतीयांश मतं नव्हती, म्हणून ६ फेब्रुवारी १९९७ला संसदेने ४४ विरुद्ध ३४ मतांनी त्यांना 'मानसिक अक्षम' ठरवलं. एकाही डॉक्टरने तपासलं नव्हतं. पुढे काही काळ देशात तीन जण स्वतःला अध्यक्ष म्हणवत होते.

आपल्याकडे पंतप्रधानाचं बहुमत गेलं की विषय संपतो, तरी आपणही फार ऐटीत राहू नये. १९८४मध्ये पक्षाघाताचा झटका आलेले तमिळनाडूचे मुख्यमंत्री एमजीआर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या हॉस्पिटलमध्ये होते आणि तिथूनच निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना आजार माहीत होता. त्यांनी तरी निवडलं.

हे सगळं मी गेल्या रविवारी भाचीला फोनवर सांगत होतो. ती बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "मामा, ते राहू दे. इकडे सासरे ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेले की हल्ली घरी फोन करतात, कुठल्या वळणाला वळू म्हणून. तोच रस्ता, पंधरा वर्षांचा."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून असेल."

राष्ट्राध्यक्षांना राहू दे, म्हटलं, याच आठवड्यात यांची अपॉइंटमेंट घे. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड आधी बघायला सांग, डोक्याचा स्कॅन करायला सांग, झोपेच्या गोळ्या घेतात का ते विचार. आणि तपासायला नेशील तेव्हा सासूबाईंना बरोबर घेऊन जा, पण डॉक्टरशी बोलायला खोलीबाहेर वेगळ्या बसव. नवऱ्यासमोर त्या काही सांगायच्या नाहीत.